सहाव्या तुळईचा रंग

आमच्या घरात दोन माणसं राहतात. एकाला सगळं माहीत असतं आणि दुसरीला काहीच माहीत नसतं. पहिला मी. दुसऱ्या आमच्या मॅडम, म्हणजे माझी बायको. 'मॅडम' हे तिचं ऑफिसातलं नाव. मी ते चिडवायला म्हणून घरी आणलं आणि आता तेच चिकटलंय.

मी जन्मभर पाण्याचे पंप विकले. गिऱ्हाईक विचारायचं, "किती वर्षं चालेल हो?" आणि मी डोळे मिटून सांगायचो, "तुमच्या नातवाला पाणी पाजेल." विकणाऱ्यानं "माहीत नाही" म्हटलं की गिऱ्हाईक पायरी उतरलंच म्हणून समजा. त्यामुळे ते दोन शब्द माझ्या जिभेला वळतच नाहीत. मॅडमच्या जिभेवर मात्र त्यांचा कायमचा मुक्काम. आज पाऊस येईल का? माहीत नाही. भाजीत मीठ बरोबर पडलंय का? माहीत नाही, अजून चाखली नाही. लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी जरा छाती फुगवूनच विचारलं होतं, "माझ्याबरोबर सुखी राहशील ना?" ही म्हणाली, "माहीत नाही. राहून बघावं लागेल." दुसरा कुणी असता तर चपला घालून चालू पडला असता. मला हसू आलं आणि मी अडकलो. लेक झाल्यावर पुन्हा एकदा विचारून पाहिलं, "काय मग, ठरलं का?" तर म्हणे, "बघतेय अजून."

तर अशा या बाईला काम मिळालं तेही स्वभावाला साजेसं. जुन्या इमारती असतात ना, ज्यांची डागडुजी करायचीय पण मूळ नकाशे कुणाकडेच नाहीत, किंवा आहेत ते उंदरांनी वाचून संपवलेत, अशा इमारतींत मोजणीवाले एक यंत्र घेऊन जातात. तिपाईवर बसवलेलं, बिस्किटाच्या डब्याएवढं. ते स्वतःभोवती फिरत चारी बाजूंना लेझर सोडतं आणि किरण जिथे आपटेल तिथला एक ठिपका टिपून घेतं. असे कोट्यवधी ठिपके. संगणकावर उघडले की अख्खी इमारत धुक्यात उभी असल्यासारखी दिसते. पण ठिपक्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय? भिंत कुठे संपली, खांब कुठे सुरू झाला, हे मॅडम ठरवते. त्या ठिपक्यांवरून ती एकेक भिंत, एकेक खांब, एकेक पायरी संगणकात नव्यानं बांधते आणि प्रत्येकीला तिची माहिती जोडते. दगड की वीट, जाडी किती, चीर कुठे, मागची दुरुस्ती कसली. मग पुढे दुरुस्ती करणारा त्या खांबावर नुसतं बोट ठेवतो आणि खांब आपली सगळी हकीकत सांगतो. याला ते लोक मॉडेल म्हणतात.

सुरुवात तिनं केली ती ड्रॉइंग बोर्डावर. शाईची पेनं, ट्रेसिंग पेपर, चुकलं की ब्लेडनं खरवडायचं. तेव्हा तिच्या हाताखाली एक काटकुळा पोरगा शिकायला आला होता. त्याला पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून हिनं शिकवलं. पुढे संगणक आले तेव्हा त्यानं हिला माउस कसा धरायचा इथपासून शिकवलं. आज तो तिचा साहेब आहे. चांगला सुटलाय अंगानं, पण अजून हिच्यासमोर बसताना खुर्चीच्या कडेलाच टेकतो.

गेली काही वर्षं मॅडमची पाठ धरते म्हणून साहेबानं तिला घरून काम करायची मुभा दिली. झालं! जेवायच्या टेबलावर दोन मोठे पडदे येऊन बसले. टेबलाचा मोठा भाग इमारतींचा, उरलेल्या कोपऱ्यात आम्ही ताटाला ताट लावून जेवतो. माझ्या वाटीशेजारी कधी घुमट असतो, कधी जिना. एकदा मी म्हटलं, "ही भिंत एवढी वाकडी का काढलीस? त्या संगणकात सरळ भिंत आपोआप येते ना?" तिनं माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचा फोटो काढताना मी तुम्हाला सरळ करते का? ज्या भिंतीचं पोट सुटलंय, तिचं सुटलेलंच दाखवायचं." तेव्हापासून मी तिच्या भिंतींच्या वाटेला जात नाही.

आता गुलाबी रंगाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरून झालं. ते यंत्र कितीही हुशार असलं तरी त्याला दिसतं ते वरवरचंच. भिंतीच्या पोटात काय आहे, छताच्या वर काय आहे, ते किरणाला कळत नाही. तिथे बाकीचे लोक अंदाज करतात. इथे वीट आहे, तर आतही वीटच असणार. अंदाजाचा भाग फिकट करड्या रंगात दाखवायचा अशी त्यांच्या ऑफिसची रीत. मॅडमचं म्हणणं असं, की फिकट करडा कुणाच्या बापाला दिसतो? सही करणारा माणूस घाईत असतो. म्हणून जे पाहिलेलं नाही त्याला तिनं आपला रंग ठरवला, भडक गुलाबी. कवळीच्या हिरड्यांचा असतो ना, तसला. बघितला की अंगावर काटाच येतो. "यावाच," ती म्हणते. "म्हणजे माणूस थांबतो." ऑफिसात सगळे कुरकुरले. गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, की आमच्या सुंदर इमारतीला हे गजकर्ण कसलं? पण मॅडमपुढे कुणाची डाळ शिजेना. शेवटी तिची मॉडेलं गुलाबी डागांसकटच जाऊ लागली.

आमची लेक शाळेत गाणं शिकवते. शाळेजवळच खोली घेऊन राहते आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला येते. स्वभावानं निम्मी माझ्यावर गेलीय, म्हणजे बोलकी आणि उतावळी. उरलेली निम्मी कुणावर गेलीय ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या हाती जी छोटी छोटी मुलं आली, तीच मुलं पुढे वाढत वाढत तिच्या गायनवृंदात राहिली. तिचा त्यांच्यावर भारी जीव. कुणाचा आवाज फुटला, कुणाचे दात पडले, कोण सुरात रडतं, सगळं आम्हाला जेवताना ऐकवायची. आणि या वर्षी ती मुलं शाळा सोडून पांगणार होती.

त्याच वर्षी मॅडमकडे गावातल्या जुन्या सभागृहाचं काम आलं. पुष्कळ वर्षं कुलूपबंद पडलेलं, आता दुरुस्त करून उघडायचं ठरलेलं. मोजणी चालली होती तेव्हा लेक सहज आत डोकावून आली. वरच्या लाकडी बाल्कनीत चढली, रिकाम्या हॉलमध्ये एक ओळ गायली, आणि खाली यंत्र लावणारा माणूस हातातलं काम सोडून वर बघत राहिला. घरी आली ती उडतच.

"आई, तिथून आवाज कसा उतरतो माहितीये का? खाली बसलेल्या माणसाच्या अगदी टाळूवर!"

मग काय, तिच्या डोक्यात भुंगा शिरला. उद्घाटनाच्या कार्यक्रमात तिच्या मुलांनी त्या बाल्कनीतून गायचं. निम्मी मुलं डाव्या टोकाला, निम्मी उजव्या टोकाला. एका बाजूनं ओळ सुटली की दुसऱ्या बाजूनं तिला उत्तर, आणि खाली बसलेले लोक मधोमध. मुद्दाम तसंच गाणं तिनं बसवलं. शाळेनं होकार दिला, सभागृहवाल्यांनी दिला. वर्षभर ती पोरं मैदानाच्या दोन टोकांना उभी राहून एकमेकांना उत्तरं देत होती. मी दोनदा जाऊन ऐकून आलो. गाण्यातलं मला ओ का ठो कळत नाही, पण दुसऱ्या वेळी कुणी न बोलावता गेलो होतो हे कबूल करतो.

आणि मग एके दिवशी जेवताना मी मान वर केली तर पडद्यावर ती बाल्कनी, आणि तिच्या भिंतीकडच्या बाजूला ओळीनं गुलाबी ठिपके.

"हे काय?" मी विचारलं.

"तुळया." मॅडम घास चावत म्हणाली. "बाल्कनी सहा तुळयांवर आहे. प्रत्येकीचं एक टोक भिंतीत गाडलेलं, दुसरं अधांतरी. खाली खांब नाही. सगळा भार भिंतीतल्या टोकावर."

"मग?"

"मग ते टोक कुणी बघितलंय? लाकूड कुजतं ते तिथेच कुजतं, भिंतीतल्या ओलीत. बाहेरून ठणठणीत दिसतं."

गुलाबी दिसलं की इंजिनियर सही करत नाही, सही नाही तर बाल्कनी बंद, आणि बाल्कनी बंद तर लेकीचं गाणं बंद, एवढं गणित मलाही येत होतं. "अगं, निदान हिच्या कार्यक्रमापुरतं तरी..." मी म्हणालो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी आमटीबरोबर गिळून टाकलं.

दोन दिवसांनी साहेब स्वतः घरी आला. नेहमीप्रमाणे खुर्चीच्या कडेला टेकला.

"मॅडम, तेवढी गुलाबी ठिगळं काढता का? घोडं तिथेच अडलंय."

"ती टोकं उघडून बघा, काढते."

"उघडायची कशी? खालून सगळं जुनं नक्षीचं प्लास्टर आहे. ते सोडवायला त्यातलीच माणसं लागतात, परवानग्या लागतात. उद्घाटन तोंडावर आलंय. आणि मॅडम, सगळ्या तुळयांचा बाहेरचा भाग लोखंडासारखा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ना?"

"भात एका पातेल्यात शिजतो," मॅडम म्हणाली. "या सहा तुळया सहा ठिकाणी ओल खात बसल्यात. एका बाजूला तर गच्चीचा पाण्याचा पाइप फुटलेला आहे, फोटोत डाग दिसतोय. तू शिकलास माझ्याकडे. तू सांग, आत काय आहे?"

साहेबानं रुमालानं कपाळ पुसलं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"मग मी तेच लिहिलंय," मॅडम म्हणाली आणि त्याला चहा आणायला आत गेली.

लेकीला हे कळलं तेव्हा ती धावतपळत आली. आल्या आल्या आईच्या समोर उभी राहिली. "आई, एक रंग बदलायचाय तुला. एक रंग! साहेब म्हणतायत चालेल, इंजिनियर म्हणतायत मॉडेलमध्ये गुलाबी नसेल तर सही करतो. सगळं जग हो म्हणतंय आणि माझी स्वतःची आई नाही म्हणतेय."

"मी नाही म्हणत नाहीये, बाळा. मला माहीत नाही एवढंच म्हणतेय."

"ते एकच आहे!" लेक ओरडली. "तुझं 'माहीत नाही' म्हणजे दुसऱ्यांचं 'नाही'च असतं. लहानपणापासून बघतेय. सहलीला जाऊ का? माहीत नाही. पास होईन का? माहीत नाही. एकदा तरी माझ्यासाठी 'हो' म्हण ना!"

मी मध्ये पडलो. लेकीची बाजू घेतली आणि बरंच काही बोललो. आयुष्यभर मी पंपांची खात्री दिली, एकही फुटला नाही, वगैरे. काही फुटले होते, पण ती वेळ ते सांगण्याची नव्हती. मॅडम टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसून राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. लेक पाय आपटत निघून गेली आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवशी जेवायला येणंही बंद झालं. फोन यायचा तो माझ्या नंबरावर. "बाबा, कसे आहात?" आईची चौकशी नाही. मॅडम शेजारी बसून ऐकायची आणि फोन ठेवला की विचारायची, "जेवली होती का ती?"

बाल्कनी बंदच राहिली. उद्घाटन झालं. आत स्टेजवर भाषणं आणि पाहुणे, त्यामुळे मुलांना जागा मिळाली ती बाहेर, फाटकाजवळच्या अंगणात. आम्ही दोघं गेलो. मॅडम पुढे आली नाही, सायकली लावायच्या जागेपाशी मागेच उभी राहिली. दोन टोकांना उभ्या राहायच्या मुलांना दोरीनं आखलेल्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभं केलं होतं. वारा सुटला होता. एका बाजूची ओळ दुसऱ्या बाजूच्या कानाशीच संपायची, उत्तराला अर्थच उरला नाही. लोक येत-जात होते, एकमेकांना हात करत होते. गाणं कधी संपलं ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नीटसं कळलं नाही. लेकीनं मुलांना शाबासकी दिली, हसून दिली. मग दोन मुलांचे हात धरून फाटकातून बाहेर पडताना तिची नजर आईवर गेली आणि तशीच पुढे निघून गेली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बायकोचा रागही आला.

उद्घाटनाची गडबड सरल्यावर परवानग्या आल्या आणि प्लास्टरवाले कामाला लागले. नक्षीचा एकेक तुकडा हलक्या हातानं सोडवायचा, बारीक भोकातून कॅमेरा आत सरकवायचा, तुळईचं टोक बघायचं, फोटो काढायचा आणि तुकडा पुन्हा बसवायचा. फोटो मॅडमकडे आले. आत लाकूड कसं होतं म्हणता? काल सुतारानं कापून ठेवल्यासारखं. कीड नाही, ओल नाही, काही नाही.

मला राहवलं नाही. "बघ! मी सांगत होतो की नाही? डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. हकनाक पोरीचं नुकसान केलंस."

तिचा चेहरा मात्र उजळला होता. "मला काय ती कुजलेली हवी होती का?" ती म्हणाली. "चांगली निघाली, किती छान झालं." फोटो मोठे करकरून तिनं लाकडाच्या रेषा बघितल्या. मग भांडी घासायला म्हणून उठली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. मी मागे गेलो तर डोळे भरलेले. "त्या मुलांचं राहिलंच हो," ती म्हणाली. "ती आता जातील. पुन्हा कुठून आणायची ती?" तेव्हापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं. मी पंपांच्या गमती सांगून बघितल्या, तिला हसू येईना.

आणि अचानक गाडी पुन्हा रुळावर आली. शाळेच्या निरोपाच्या दिवसासाठी सभागृह द्यायला ते लोक तयार झाले. श्रोते म्हणून मुलांचे आईबाप, बस्स. बाल्कनीतून गा म्हणाले, फक्त मॉडेल तेवढं स्वच्छ करून द्या, इंजिनियर सही करायला बसलाच आहे. साहेबानं ही बातमी थेट लेकीलाच फोन करून दिली आणि वर सांगितलं, "आता आई फक्त रंग बदलेल की झालं."

त्या दुपारी दार वाजलं. लेक. आत आली, चपला काढल्या, आणि आईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. मॅडमनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पटकन पाणी आणायला गेलो, कारण अशा वेळी माझा चेहरा फार बोलतो.

परत आलो तेव्हा दोघी पडद्याकडे बघत होत्या. मॅडमनं पहिल्या तुळईचा फोटो लेकीला दाखवला, मग तिच्या टोकाचा गुलाबी रंग काढून लाकडाचा दिला. दुसरीचं तसंच. तिसरीचं. लेक हळूहळू पुढे सरकत होती. चौथीला तिनं आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, लहानपणी टेकवायची तशी. मी माझ्या कोपऱ्यात बसून देवाचे आभार मानत होतो. पाचवीही झाली.

"सहावी राहिली," मी म्हणालो.

मॅडम थांबली. सहावी उजव्या टोकाची. तिच्याखाली प्लास्टरमध्ये एक कोरीव चेहरा होता, तडे गेलेला, हात लावला तर भुगा होईल असा. त्यांचा मुख्य कारागीर दुसऱ्या कामावर होता, तो येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. हे तिनंच मला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. पण लेक आली होती, आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसली होती, आणि मी काही दगडाचा बनलेला नाही.

"तीही कर की," मी म्हणालो. "पाच चांगल्या निघाल्या. सहावी काय आभाळातून पडलीये?"

एरवी मला या वाक्याबद्दल जेवण मिळालं नसतं. मॅडमनं माउस पुढे सरकवला. तिनं सहाव्या तुळईवर क्लिक केलं. रंगांची चौकट उघडली. "असेल चांगलीच," ती पुटपुटली.

मी चमकलोच. 'असेल'! हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. ऐकायची फार हौस होती मला, आणि आता ऐकला तर बरं वाटलं नाही.

"आई, हिचा फोटो कुठाय?" लेकीनं विचारलं.

"नाहीये."

"म्हणजे ही उघडली नाही?"

"अजून नाही. पण बाकीच्या सगळ्या—"

"साहेब म्हणाले होते तो फुटका पाइप, तो कुठल्या बाजूला?"

लेकीनं हनुवटी उचलली. "आई?"

"हिच्याच मागे," मॅडम म्हणाली.

मला एकदम त्या टोकाला उभी राहणारी मुलं दिसली, निम्मा गायनवृंद, आणि मघाशी सहज सोडलेलं माझं वाक्य मलाच टोचलं.

"तू हे माझ्यासाठी करत होतीस?" लेकीनं विचारलं.

"हो." मॅडमनं पडद्यावरची नजर काढली नाही. "त्या दिवशी फाटकातून तू त्या मुलांचे हात धरून गेलीस ना, तेव्हापासून मला झोप नाही गं. मला तुझं ते तोंड पुन्हा बघवणार नाही. असेल ती चांगलीच. सगळे म्हणतायत ना. मी एकटीच काय मोठी शहाणी लागून गेले?"

लेक रडायला लागली. तिला रडताना बोलायची सवय आहे, त्यामुळे निम्मे शब्द नाकातून आले. "मला वाटायचं, इमारत आणि मी, यातलं एक निवडायची वेळ आली तर तू इमारतच निवडशील."

"इमारतीचं काय घेऊन बसलीस!" मॅडम म्हणाली. "इमारत पडली तर पडली. वर तुझी पोरं उभी राहणार होती."

लेकीनं नाक पुसलं, माउसवरचा आईचा हात उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. "राहू दे ती गुलाबी," ती म्हणाली.

"अगं, पण तुझं गाणं? ती मुलं पुन्हा मिळायची नाहीत."

"नाही मिळायची. खालीच उभी करीन. दोन्ही दारांशी उभी करून बघते, नाहीच जमलं तर साधंसं काहीतरी गाऊ."

तिनं मोबाइल काढला आणि तिथेच बसून मुख्याध्यापिकाबाईंना लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात आईचा हात. पलीकडच्या बाई चांगल्याच तापल्या असाव्यात, मला टेबलाच्या या टोकाला त्यांचा आवाज येत होता. सगळी जुळवाजुळव झाली, पालकांना कळवून झालं, आणि आता हे काय? तुझ्या आईनंच पुन्हा खोडा घातला असणार!

"नाही हो, बाई," आमची लेक म्हणाली. "आई तर हो म्हणत होती. मीच नको म्हटलं."

ते ऐकून मॅडमला हुंदका आला आणि त्यातच हसूही आलं. मी उठून तिघांचा चहा टाकला.